बंद थैली

रात्रीची गाडी मिरजेच्या फलाटाला लागली की प्रवाशांच्या आधी आमच्या मेल व्हॅनचं दार उघडायचं आणि थैल्या आत पडायला लागायच्या. १९८१ साली मी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर म्हणून लागलो. लाखेचं सील धड आहे का ते बघायचं, लेबल वाचायचं, दोरी कापायची, थैली टेबलावर पालथी करायची आणि पत्रं समोरच्या लाकडी खान्यांत टाकत जायची. गाडी वळणावर कलली की आपणही कलायचं, पण हात थांबता कामा नये. कराड, सातारा, वाठार, लोणंद. डोळ्यांनी पत्ता टिपेपर्यंत हातानं खाना गाठलेला असायचा. रात्रभरात हजारो पत्रं हाताखालून जायची, आणि पुणं यायच्या आत सगळ्या थैल्या पुन्हा बांधून, सील करून तयार.

आमचे वरिष्ठ सॉर्टर, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "कार्ड उघडं असलं तरी पत्त्याचीच बाजू वर धरायची. मजकूर आपला नाही." तेहतीस वर्षं मी तो दंडक पाळला. कुणाच्या घरी बाळ झालं, कुणाचा बाप गेला, कुणाची नोकरी पक्की झाली, ते सगळं माझ्या हातातून गेलं आणि मला त्यातलं काही कळलं नाही.

या नोकरीनंच मला कादंबरी दिली. माझी तिसरी कादंबरी एका पत्र नेणाऱ्या माणसावर आहे, आणि ती लिहिताना मला जे शिकायला मिळालं, ते आधीच्या दोन पुस्तकांत मिळालं नव्हतं. म्हणून त्याबद्दलच लिहितो.

कादंबरी ज्यावर उभी आहे तो प्रसंग मराठी वाचकाला लहानपणापासून माहीत असतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्याआधीचे अडीच महिने अब्दालीनं मराठी फौजेची दक्षिणेकडची वाट अडवून धरलेली. नानासाहेब पेशवे मदतीला म्हणून उत्तरेकडं निघालेले, आणि वाटेत त्यांच्या माणसांनी सावकारांचा एक कासीद अडवला. त्याच्याजवळच्या पत्रात सावकारी सांकेतिक भाषेत लढाईचा निकाल होता: दोन मोती विरले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्द्याची मोजदादच नाही, असा त्याचा आशय. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. ग्रँट डफनं आपल्या १८२६ च्या इतिहासात ही हकिकत नर्मदा उतरण्याच्या वेळची म्हणून दिली आहे. नंतरच्या इतिहासलेखनात ती भेलशाची, म्हणजे आजच्या विदिशाची, आणि २४ जानेवारीच्या सुमाराची म्हणून येते.

शाळेत हा धडा झाला तेव्हा सगळा वर्ग मोत्यांवर आणि मोहरांवर थांबला. पुढं कितीतरी वर्षांनी, एका रात्री लोणंदच्या आसपास गाडी सिग्नलला थांबलेली असताना, माझ्या मनात आलं की तो कासीद कोण होता? त्याच्या थैलीत काय आहे हे त्याला तरी माहीत होतं का? सावकारी सांकेतिक पत्र होतं. त्याला वाचता येत असतं तरी मोती म्हणजे मोतीच वाटले असते. मराठी दौलतीची सगळ्यात वाईट बातमी त्या माणसानं अंगावर वागवली, आणि त्याच्या लेखी ती एक बंद थैली होती.

विषय बोलून दाखवला तेव्हा बहुतेकांनी विचारलं, पुन्हा पानिपत कशाला? विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ साली आली आणि घराघरांत गेली. त्या रणांगणावर पुन्हा उभं राहण्याची माझी इच्छाही नव्हती, ताकदही नव्हती. मला रणांगणाकडं पाठ करून धावणारा एक माणूस हवा होता.

पहिलं काम हिशेबाचं. ग्रँट डफ म्हणतो की पानिपतहून औरंगाबादला नऊ दिवसांत पोचायचं, असं त्या कासिदाशी ठरलेलं होतं. मी वही घेऊन बसलो. पानिपत ते औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर, सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरच्या वर भरतं. नऊ दिवसांत म्हणजे रोज अडतीस-चाळीस कोस, तेही नद्या, घाट, वळणं धरलेली नाहीत. एका माणसाच्या पायांना हे झेपणारं नाही. मग वाटेत डाक बसवलेली असणार, टप्प्याटप्प्याला माणूस बदलत असणार, किंवा काही पल्ला सांडणीवर झाला असणार. उलट पानिपत ते विदिशा सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर. दहा दिवसांत तेवढं अंतर कसलेला जासूद एकटाही काटू शकेल, ऊर फुटेल, पण काटेल.

हा हिशेब करताना मला एक गोष्ट दिसली आणि मी पेन खाली ठेवलं. पत्र लढाईच्या दिवशीच निघालं असेल तर नऊ दिवस २३ जानेवारीला संपतात. कासीद २४ ला भेलशाला असेल, तर औरंगाबाद अजून साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब होतं. म्हणजे तो उशिरा होता. करार मोडला होता, आणि वेळेत पोचण्याबद्दल काही बक्षीस ठरलं असेल तर ते बुडालं होतं. साधनांच्या तारखा आणि ठिकाणं एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून हा इतिहास आहे असं मी म्हणणार नाही. पण कादंबरी मला तिथं सापडली. पेशव्यांच्या डेऱ्यापुढं उभ्या असलेल्या त्या माणसाच्या डोक्यात मराठी राज्य नव्हतंच. त्याच्या डोक्यात उशीर होता.

तो उशीर मला ओळखीचा होता. गाडी वाटेत अडकून पडली आणि पुढच्या गाडीचं कनेक्शन चुकणार हे दिसायला लागलं, की व्हॅनमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे.

ऐतिहासिक कादंबरीसाठी फार वाचावं लागतं, असं लोक म्हणतात. ते खरंच आहे. मोडी मी चाळिशीत शिकलो. आमचे गुरुजी फळ्यावर आधी आडवी रेघ ओढायचे आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत न्यायचे, हात शक्यतो न उचलता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. पहिले सहा महिने एक ओळ लावायला तास जायचा. मग राजवाड्यांचे खंड. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि त्यात पानिपतच्या आगेमागेची पत्रं आहेत. मग सरदेसायांनी संपादन केलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड, भाऊसाहेबांची बखर, काशिराज पंडिताचा वृत्तान्त. रात्रपाळी संपवून मी सकाळी पुण्यात उतरायचो, स्टेशनावर आंघोळ उरकून कधी भारत इतिहास संशोधक मंडळात, कधी पुराभिलेखागारात जाऊन बसायचो आणि परतीच्या गाडीला वेळेवर हजर व्हायचो.

तिथं रुमाल समोर येतो. जुने कागद ज्या कापडात बांधलेले असतात त्याला रुमाल म्हणतात, आणि गाठ सोडताना का कोण जाणे, आपण आवाज न करता सोडतो. एकदा एका पत्राची घडी उघडली आणि टेबलावर बारीक वाळू पडली. बोरूची ओली शाई टिपायला पूर्वी पत्रावर वाळू टाकत. अडीचशे वर्षं ती घडीत बसून होती. मी ती बोटानं गोळा केली आणि पुन्हा घडीत सोडली. काय लिहिलं होतं ते आज आठवत नाही, कुठल्यातरी बैलांच्या वैरणीचा मजकूर होता. पण कुणीतरी घाईत होतं, शाई वाळायला थांबायला त्याला वेळ नव्हता, हे माझ्या बोटांना कळलं.

तारखांचंही तसंच. पत्राच्या शेवटी अरबी आकड्यांत शुहूर सन असतो. इहिदे सितैन मया व अलफ. म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. एकूण अकराशे एकसष्ट. त्यात जानेवारीसाठी ६०० मिळवले की १७६१. हे वर्ष मृगाला बदलतं, म्हणून मृगानंतरच्या महिन्यांना ५९९ मिळवायचे. सुरुवातीला मी प्रत्येक तारखेचं इंग्रजी वर्ष समासात लिहून ठेवायचो. कादंबरीचा दुसरा खर्डा करताना ते बंद केलं. माझ्या कासिदाला १७६१ हा आकडा माहीत नव्हता. त्याला चंद्र माहीत होता आणि थंडी माहीत होती. मग मिनिट हा शब्द गेला. घटका, पळं आणि प्रहर आले. कुणी काडी ओढून चूड पेटवली होती, तीही गेली, कारण आगकाडी १८२६ ची. त्या जागी चकमक आणि गारगोटी आली, आणि विस्तव करायला लागणारा वेळ आला. त्या वेळात दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागली आणि मला न सुचलेला एक प्रकरणभर मजकूर मिळाला.

पण वाचणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग, आपल्याला माहीत असलेलं विसरण्याचा. लेखकाला निकाल माहीत असतो, पात्राला नसतो. रणजित देसायांची 'स्वामी' वाचायला घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की माधवराव थेऊरला जाणार आहेत. तरी शेवटच्या पानांपर्यंत वाचक आशा धरून असतो, कारण लेखकानं आपलं जाणतेपण कुठं मध्ये येऊ दिलेलं नाही. ना. सं. इनामदारांनी त्रिंबकजी डेंगळे आणि दुसरा बाजीराव असे नायक घेतले. ज्यांचा निकाल लोकांनी आधीच लावून टाकला होता, त्यांना त्यांनी निकालाच्या अलीकडं नेऊन उभं केलं. 'झेप' आणि 'मंत्रावेगळा' मी व्हॅनमधल्या दिव्याखाली वाचल्या. इनामदार आकाशवाणीत नोकरी करत. हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाचं काम बघत कादंबऱ्या लिहीत. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांची ही ओळ मोठी आहे, आणि तिच्या अगदी शेवटी का होईना आपण उभे आहोत, याचा मला आधार वाटत आला आहे.

या विसरण्यात माझी खरी परीक्षा झाली ती नानासाहेबांपाशी. डिसेंबर १७६० मध्ये, तिकडं फौज उपाशी असताना, त्यांनी पैठणला दुसरं लग्न केलं. हे मला वर्षानुवर्षं खुपत होतं. पहिल्या खर्ड्यात मी त्यांना चांगलं झोडपलं. भेलशाच्या प्रसंगात त्यांच्या हातात पत्र देताना माझ्या प्रत्येक वाक्यात एक सूड होता. सहा महिन्यांनी वाचलं तेव्हा लक्षात आलं की मी न्यायाधीश होऊन बसलो आहे. पैठणला बोहल्यावर चढणाऱ्या त्या माणसाला चौदा जानेवारी माहीत नव्हती. उत्तरेकडून पत्रं येत नव्हती, आणि पत्र येत नाही म्हणजे ठीकच असेल, असं धरून चालणं हे माणसाचंच लक्षण आहे. माझ्या खान्यांतून गेलेल्या कितीतरी घरांनी तसंच धरलं असेल. भेलशाच्या त्या पत्रानंतर नानासाहेब पाच महिनेच जगले. २३ जून १७६१ ला पर्वतीवर गेले. ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं. लग्न ठेवलं, सूड काढला. डेऱ्यात पत्र वाचलं जातं ते मी दाखवलंच नाही. कासीद बाहेर उभा आहे, त्याला आतलं काही दिसत नाही, मग मलाही ते दिसता कामा नये.

पानिपतला मी जानेवारीतच गेलो, दोनदा. शहराबाहेर 'काला आम'चं स्मारक आहे. सकाळी दहापर्यंत धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि थंडी मिरजेच्या माणसाला आयुष्यात माहीत नसते अशी. त्या भागात रोड मराठा समाज आहे. तिथल्या एका वयस्क शेतकऱ्यानं मला महाराष्ट्रातून आलेला म्हणून घरी नेलं, गरम दूध दिलं आणि आपले पूर्वज त्या फौजेतले असं सांगताना माझा हात धरून ठेवला. तो हात पुस्तकात आहे. विदिशाला बेतवेच्या काठी मी दोन दिवस नुसता फिरलो. कासिदानं नदी कुठं उतरली असेल ते ठरवायचं होतं. ठरलं नाही, पण पाण्यात पाय घातल्यावर किती गार लागतं ते कळलं.

पुस्तकाची पहिली आवृत्ती अकराशे प्रतींची.   पुस्तक येऊन दोन महिने झाले आणि सोलापूरकडून एक आंतरदेशीय पत्र आलं. लिहिणारे निवृत्त शिक्षक होते, अक्षर टाकानं तोलून लिहिलेलं. त्यांनी दोन चुका दाखवल्या होत्या.

एक, मी लढाईच्या दिवशी छावणीत तीळ वाटले होते, संक्रांत म्हणून. आपल्याकडं पानिपत आणि संक्रांत यांची सांगड इतकी पक्की आहे की मला तपासावंसं वाटलं नाही. त्यांनी लिहिलं होतं की संक्रांतीची इंग्रजी तारीख हळूहळू पुढं सरकत आली आहे. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. त्याच्या शंभर वर्षं मागं गेलात तर ती आणखी अलीकडं येणार. १७६१ साली ती लढाईच्या चार-पाच दिवस आधीच होऊन गेली होती.

दुसरी चूक मला जास्त लागली. कासीद पानिपतहून निघतो ती रात्र मी काळोखी लिहिली होती. पानभर काळोख होता, आणि त्या पानाचा मला अभिमान होता. त्यांनी एवढंच लिहिलं होतं की त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत चंद्र आकाशात असणार, आणि पुढच्या प्रत्येक रात्री तो मोठा होत जाणार, पौर्णिमेपर्यंत.

मी ते पत्र हातात धरून किती वेळ बसलो होतो कुणास ठाऊक. तिथी माझ्याच टिपणवहीत होती. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. मी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती, आणि तरी काळोख लिहिला, कारण पराभवाची रात्र काळोखी असते हे मी लढाईच्या निकालावरून ठरवून टाकलं होतं. विसरायचं होतं ते विसरलो नव्हतो. त्या शिक्षकांना मी फोन केला. म्हटलं, "सर, तुमचे फार उपकार झाले." ते म्हणाले, "उपकार कसले. तुमचा माणूस इतका धावतो, त्याला उजेड तरी मिळू द्या."

दुसऱ्या आवृत्तीत मी ती सगळी वाट पुन्हा लिहिली. अर्ध्या चंद्राच्या उजेडात तो निघतो. त्या उजेडात त्याला दिसू नयेत अशा गोष्टी दिसतात, वाटेच्या कडेला पडलेली माणसं, मोकाट घोडी. दिवसा झोपायचं, चंद्र असेतो धावायचं. रोज रात्री चंद्र थोडा जास्त वेळ साथ देतो आणि रोज रात्री त्याचे पाय थोडे कमी धावतात. पौर्णिमेला सगळी रात्र त्याची असते, आणि त्याच रात्री तो एका देवळाच्या ओवरीत पडतो आणि सूर्य उगवेपर्यंत उठत नाही. उशीर तिथं होतो. काळोख लिहिला होता तेव्हा ही ओवरी मला दिसलीच नव्हती. ते शिक्षक आता नाहीत. दुसरी आवृत्ती मात्र त्यांच्या हातात पडली होती.

शेवटचं प्रकरण मी अकरा वेळा लिहिलं. आता ते असं आहे की डेऱ्यात थैली गेली आहे. आत एकदम शांतता होते, मग कुणीतरी मोठ्यानं ओरडतं, माणसं आत-बाहेर पळायला लागतात. कासीद खाली बसून तळव्यातला काटा काढतो आहे. कुणाचं त्याच्याकडं लक्ष नाही. बऱ्याच वेळानं तो एका हुजऱ्याला विचारतो, थैली परत कधी मिळेल, मला अजून औरंगाबाद गाठायचं आहे.

ही कादंबरी माझ्या बायकोनं छापून आल्यावरच वाचली. माझं आधीचं लिखाण ती खर्ड्यात वाचायची, पण या वेळी मी दाखवलं नव्हतं. दोन दिवस दुपारची वाचत होती. संपल्यावर पुस्तक बाजूला ठेवलं, उठली, चहा टाकला, आणि ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "अहो, पण त्याची मजुरी कुणी दिली?"

मी काही बोललो नाही. सावकार देणार नाही, कारण पत्र पोचलंच नाही. पेशव्यांकडं कुणाला ते सुचलं असेल, असं वाटत नाही. पण पेशवाईत फौज बुडाली तरी हिशेब थांबत नसे. तेलाचा, वैरणीचा, जासुदांना दिलेल्या पैशांचा खर्च रोजकीर्दीला पडतच असे. म्हणजे कुठंतरी एक ओळ असू शकते, चार-दोन रुपयांची, कासिदाला दिले म्हणून. नाव असेल, नसेल.

नोकरीतून सुटून मला आता बरीच वर्षं झाली. महिन्यातून एकदा सकाळच्या गाडीनं मी पुण्याला जातो, चिठ्ठी भरतो आणि इहिदे सितैनातल्या जमाखर्चाचे कागद मागतो. माणूस रुमाल आणून ठेवतो. मी गाठ सोडतो, रकाना वरून खाली बोटानं वाचत जातो, आणि खर्चाच्या बाजूला थांबतो.